पाणी न देता कडक: स्टेलाइट आणि कार्बन स्टील

रविवार पेठेत हार्डवेअरच्या दुकानात ‘कोबाल्ट ड्रिल’ मागितलं की हातात येतो तो ड्रिल कोबाल्टचा नसतो. एम35 असेल तर त्यात 5 टक्के कोबाल्ट, एम42 असेल तर 8 टक्के. बाकी सगळं हायस्पीड स्टील, म्हणजे लोखंडच. इथे ज्याबद्दल लिहायचं आहे त्याचा मामला उलटा आहे: निम्म्याहून जास्त कोबाल्ट आणि लोखंड जेमतेम दोन-तीन टक्के. भोसरी-चाकणच्या वर्कशॉपमध्ये त्याला सरसकट ‘स्टेलाइट’ म्हणतात. ते मुळात ब्रँडचं नाव, पण वनस्पती तुपाला जसं डालडा म्हणतात तसं रुळून गेलंय.

स्टेलाइटचे बरेच नंबर आहेत. सर्वात जास्त खपतो तो 6 नंबर. त्यात साधारण 28 टक्के क्रोमियम, 4 ते 5 टक्के टंगस्टन, 1.2 टक्क्यांच्या आसपास कार्बन आणि उरलेला बहुतेक कोबाल्ट. तुलनेला घेऊ ईएन8, म्हणजे पुण्यातल्या कुठल्याही लेथवर दिवसातून दहा वेळा चढणारं कार्बन स्टील. त्यात कार्बन 0.36 ते 0.44 टक्के, मँगनीज 0.6 ते 1 टक्का, बाकी लोखंड.

आता दोघांना हार्डनेस टेस्टरखाली ठेवा. इंडक्शन हार्डनिंग केलेल्या, म्हणजे विजेच्या कॉइलने नुसता वरचा भाग तापवून झटकन गार केलेल्या ईएन8 शाफ्टचा पृष्ठभाग कडकपणाच्या रॉकवेल सी मापावर 50 ते 55 दाखवेल. स्टेलाइट 6 दाखवेल 40 च्या आसपास, कधी 38, कधी 43. किलोला साठ-सत्तर रुपयांचं स्टील जिंकलं आणि किलोला काही हजारांचा धातू हरला. नवीन परचेसवाला नेमका इथेच अडकतो, आणि त्याची शंका रास्त आहे.

उत्तर ‘पाणी’ या शब्दात आहे. लोहार विळ्याला पाणी देतो, म्हणजे लालभडक तापवून पाण्यात विझवतो. ईएन8 चंही तेच. 830 ते 860 अंशांपर्यंत तापवलं की कार्बन लोखंडाच्या स्फटिकात विरघळतो. झटकन गार केलं की त्याला बाहेर पडायला वेळच मिळत नाही आणि स्फटिक ताणलेल्या अवस्थेत गोठतो. त्याला मार्टेन्साइट म्हणतात. कडकपणा आहे तो या अडकलेल्या कार्बनमुळे. म्हणजेच हा कडकपणा उसना आहे. पुन्हा उष्णता मिळाली की कार्बन सुटायला लागतो, बारीक कार्बाइड होऊन बाजूला बसतो आणि पाणी उतरतं. 200 अंशांना थोडं उतरतं, 500 अंशांना 55 चा आकडा 30 च्या आसपास येतो. मुख्य म्हणजे गार झाल्यावर तो परत 55 होत नाही. एकदा उतरलेलं पाणी पुन्हा हार्डनिंग केल्याशिवाय चढत नाही.

स्टेलाइटला पाणी द्यावंच लागत नाही. वितळलेला धातू थिजत असतानाच त्यातलं क्रोमियम आणि कार्बन एकत्र येऊन कार्बाइडचे कण तयार होतात, वजनाने साधारण 13 टक्के. हे कण कडकपणाच्या विकर्स या दुसऱ्या मापावर 1500 च्या पुढचे, आणि ते बसलेले असतात कोबाल्टच्या मऊसर पण चिवट गाभ्यात. मटणाच्या रश्श्यात हाडं असावीत तसे, म्हणा. हा कडकपणा रसायनातच असल्यामुळे 500 अंशांच्या तापमानात तो नाहीसा होत नाही. गरम असताना आकडा खाली येतो खरा: खोलीच्या तापमानाला विकर्सवर 400 च्या आसपास असेल तर 500 अंशांना 300 च्या आसपास, 600 ला 235 च्या आसपास. पण गार झालं की मूळ आकडा परत. म्हणून खोलीतल्या तापमानाला घेतलेली हार्डनेसची तुलना या जोडीसाठी जवळपास निरर्थक आहे. वाफेच्या व्हॉल्व्हची सीट किंवा डिझेल इंजिनचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह टेस्टरच्या टेबलावर काम करत नाही.

दुसरा मुद्दा घासण्याचा, आणि तो जास्त गमतीचा आहे. दोन सारखे स्टीलचे पृष्ठभाग तेलाशिवाय, दाबाखाली एकमेकांवर घसरले की उंचवटे एकमेकांना चिकटतात, उपटले जातात, आणि उपटलेला तुकडा पुढे खोल ओरखडा काढतो. याला गॉलिंग म्हणतात. शॉपवर ‘धातू धातूला धरतो’ असं म्हणतात आणि ते अगदी नेमकं वर्णन आहे. कोबाल्ट मात्र सहजी धरत नाही. शुद्ध कोबाल्टच्या अणूंची रचना साधारण 420 अंशांच्या वर एक आणि खाली दुसरी असते. स्टेलाइटमध्ये वरची रचना खोलीच्या तापमानालाही अडकून राहते, पण ती काठावर बसलेली असते. पृष्ठभागावर घासण्याचा ताण आला की अगदी वरचा पातळ थर दुसऱ्या, षट्कोनी रचनेत जातो. या रचनेतले थर पत्त्यांच्या कॅटसारखे एकमेकांवरून सहज सरकतात. त्यामुळे उंचवटे उपटले जाण्याऐवजी वरचा थर सरकून मोकळा होतो, आणि खालचा भाग ताणाने उलट आणखी कडक होतो. म्हणूनच गेट व्हॉल्व्हमध्ये वेज (वर-खाली सरकणारी पाचर) आणि सीट (ती जिथे टेकते ती कडी) दोन्हीवर स्टेलाइट असलं तरी ते एकमेकांना धरत नाहीत, अगदी कोरड्या वाफेतही.

गंजाचं वेगळं सांगायला नको. जुलैत चाकणला टर्निंग करून रात्रभर उघडा ठेवलेला ईएन8 चा जॉब सकाळी तांबूस झालेला असतो. बोटांचे ठसे तर आधी उमटतात. स्टेलाइटवर त्यातल्या 28 टक्के क्रोमियममुळे ऑक्साइडचा पडदा असतो, तो तसाच चकचकीत राहतो. या चकाकीवरूनच नाव पडलं. लॅटिनमध्ये ‘स्टेला’ म्हणजे तारा. नाव देणारा अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातला एलवुड हेन्स. त्याने 1907 मध्ये कोबाल्ट-क्रोमियमचं पेटंट घेतलं आणि पुढे काही वर्षांत त्यात टंगस्टन घातलं. त्याआधी 1894 मध्ये त्याने पेट्रोलवर चालणारी मोटारगाडीही बनवून घेतली होती.

मग सगळंच स्टेलाइटचं का करत नाहीत? पैसा हे पहिलं कारण, पण एकमेव नाही. जगातल्या खाणींतून निघणारा बहुतांश कोबाल्ट एकट्या काँगोतून येतो आणि भाव झोके घेतो. 2018 मध्ये तो टनाला 90 हजार डॉलरच्या वर गेला होता, नंतरच्या काही वर्षांत निम्म्याहूनही खाली आला. वजनही थोडं जास्त. 25 मिमी व्यासाचा, 100 मिमी लांबीचा तुकडा ईएन8 चा 385 ग्रॅम भरतो, स्टेलाइटचा 414 ग्रॅम.

खरी अडचण चिवटपणाची. ईएन8 ओढला तर तुटण्यापूर्वी 16 टक्के किंवा जास्त लांबतो. ओतीव स्टेलाइट 6 तुटण्यापूर्वी लांबतो तो साधारण 1 टक्का. ताकद दोघांची जवळपास सारखी, 800-900 मेगापास्कलच्या घरात. पण एक वाकून इशारा देतो आणि दुसरा न सांगता तुटतो. स्टेलाइटचा गिअर किंवा कनेक्टिंग रॉड करणं म्हणूनच वेडेपणा आहे. मशीनिंगचंही तेच. ईएन8 कोटेड कार्बाइड इन्सर्टने (टूलच्या टोकावरच्या कापणाऱ्या तुकड्याने) मिनिटाला 150-200 मीटर वेगाने आरामात कापतो. स्टेलाइटला त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास उतरावं लागतं. शिवाय उष्णता वाहून नेण्यात स्टील तिप्पट सरस: मीटरमागे दर अंशाला 50 वॅटच्या आसपास, स्टेलाइट 15. त्यामुळे कापताना तयार झालेली उष्णता जॉबमध्ये न जाता टूलच्या टोकाशी साचते. त्यात कोणी लाजत लाजत कट घेतला, म्हणजे टूल नुसतंच घासत राहिलं, तर पृष्ठभाग ताणाने आणखी कडक होतो आणि पुढचा कट इन्सर्ट खातो. कट घ्यायचा तर ठाम घ्यायचा.

तेव्हा व्यवहारात अंग कार्बन स्टीलचं आणि फक्त घासणाऱ्या जागी स्टेलाइटचा थर, अशीच जोडी लावतात. व्हॉल्व्हच्या बॉडीसाठी ईएन8 ऐवजी डब्ल्यूसीबी दर्जाचं ओतीव कार्बन स्टील असतं, कार्बन 0.30 टक्क्यांपर्यंत, कारण ते वेल्डिंगला सोपं. एपीआय 600 या गेट व्हॉल्व्हच्या मानकाप्रमाणे सीटवर तयार अवस्थेत किमान 1.6 मिमी थर उरला पाहिजे. या दीड-दोन मिलिमीटरमध्येच बहुतेक भानगडी होतात, म्हणून इथे जरा थांबू.

पहिली भानगड भेसळीची. थर वेल्डिंगने चढवतात तेव्हा खालचं स्टीलही थोडं वितळतं आणि वर मिसळतं. याला डायल्यूशन म्हणतात. हिशेब साधा आहे. वेल्डिंगच्या रॉडमध्ये लोखंड 2 टक्के आणि टिगने (टंगस्टन इलेक्ट्रोडच्या आर्क वेल्डिंगने) 20 टक्के डायल्यूशन धरलं, तर पहिल्या थरात लोखंड होतं सुमारे 21 टक्के. म्हणजे तिथे स्टेलाइट 6 उरलेलंच नाही. कोबाल्ट, क्रोमियम, कार्बन सगळं पाचव्या हिश्शाने पातळ झालं. दुसरा थर पहिल्यावर चढतो, त्यात लोखंड येतं 6 टक्क्यांच्या आसपास. पीटीए, म्हणजे पावडर टाकून प्लाझ्माने चढवण्याच्या पद्धतीत डायल्यूशन 10 टक्क्यांवर ठेवता येतं. तिथे पहिल्या थरात 11-12 टक्के, दुसऱ्यात 3. साध्या आर्क इलेक्ट्रोडने 30 टक्क्यांपर्यंत जातं, मग दोन थरही कमी पडतात. ऑक्सी-ॲसिटिलीनने सर्वात कमी भेसळ होते, पण ती ज्योत जास्त ॲसिटिलीनची, पिसारा आतल्या शंकूच्या तिप्पट, अशी धरणारे हात आता कमी उरलेत. घाईत ‘एकाच थरात जाड मारून दे’ म्हणणाऱ्याला मिळतं ते महागडं, मऊ, अर्धवट स्टील.

दुसरी भानगड तड्यांची. 100 मिमी लांबीचा स्टेलाइटचा पट्टा 600 अंशांवरून गार होताना साधारण 0.8 मिमी आखडतो. खालच्या गार, जाड स्टीलने त्याला आखडूच दिलं नाही, तर पट्ट्यावर 0.8 टक्के ताण बसतो. लांबण्याची मर्यादा होती 1 टक्का. कडेलोटापर्यंत किती जागा उरली ते दिसतंच आहे. त्यात स्टीलची एक खोड आहे. कार्बन जास्त असेल आणि गार होणं झटपट झालं, तर थराखालच्या तापलेल्या पट्ट्यात मार्टेन्साइट तयार होतं, आणि ते होताना स्टील फुगतं. ईएन8 मध्ये हे सुमारे 350 अंशांखाली सुरू होतं. वर स्टेलाइट आखडतंय, खाली स्टील फुगतंय. मग टणकन आवाज येतो. वेल्डरला तो आवाज दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळीही ऐकू येऊ शकतो.

म्हणून प्रीहीट, म्हणजे वेल्डिंगआधीच जॉब तापवून घेणं. डब्ल्यूसीबीसाठी 200 ते 250 अंश, ईएन8 साठी 300 ते 350. मोजायचं टेम्परेचर चॉकने, म्हणजे ठरलेल्या तापमानाला वितळणाऱ्या खडूने, आणि बर्नरच्या बाजूला नाही तर पलीकडे. अलीकडे चॉक वितळला म्हणजे जॉब आतपर्यंत तापला असं नाही. भट्टीत तापवत असाल तर 25 मिमी जाडीला एक तास हा जुना हिशेब चांगला आहे. जुनी सीट दुरुस्तीला आली असेल तर त्याआधी जुना थर आणि त्याखालचं अर्धा मिमी स्टील टर्न करून काढायचं, खाचेचे कोपरे 3 मिमी त्रिज्येने गोल करायचे, कारण तडा बहुतेक वेळा काटकोनातूनच निघतो. तेलाचा अंश राहिला तर थरात पिनहोल येतात आणि ते लॅपिंगच्या (सीट घासून सपाट करण्याच्या) वेळी, म्हणजे सगळा खर्च झाल्यावर उघडे पडतात.

टिगने चढवताना प्रत्येक मणी, म्हणजे वेल्डिंगची एक ओळ, आधीच्या मण्यावर निदान तिसऱ्या हिश्शाइतका चढलेला हवा. गोल सीटवर फेरी पूर्ण झाली की सुरुवातीच्या जागेवर 10-15 मिमी पुढे जाऊन करंट हळूहळू कमी करत थांबायचं. झटकन टॉर्च उचलला की शेवटच्या खळग्यात चांदणीसारखा तडा पडतो. मध्येच तापमान प्रीहीटच्या खाली गेलं तर पुन्हा तापवल्याशिवाय पुढचा मणी नाही. जेवणाची सुट्टी झाली म्हणून जॉब टेबलावर ठेवून जाणं, हे तड्यांचं मला वाटतं सर्वात मोठं कारण असावं.

थर चढवून झाला की काम अर्धंच झालं. जॉब गरम असतानाच 600-650 अंशांच्या भट्टीत टाकून ताण काढायचा आणि भट्टीतच तासाला 50 अंशांच्या आसपास गार होऊ द्यायचं. भट्टी नसेल तर कोरड्या राखेत, चुन्याच्या पावडरीत किंवा व्हर्मिक्युलाइटमध्ये पुरून ठेवायचं. ‘कोरड्या’ हा शब्द महत्त्वाचा. पावसाळ्यात उघड्या पिंपातली राख ओल धरते, आणि ओल्या राखेत पुरलेला जॉब गारच होतो, पण भलत्याच वेगाने. अशा वेळी आधी राखच तापवून घ्यावी लागते.

पूर्ण गार झाल्यावर मशीनिंग, मग डीपी टेस्ट, म्हणजे तड्यात रंग शिरवून तो शोधण्याची चाचणी. लाल द्रव लावून निदान 10 मिनिटं थांबायचं, मग सॉल्व्हंट कापडावर घेऊन पुसायचं. थेट जॉबवर फवारलं तर तड्यात शिरलेला रंगही धुऊन निघतो आणि खराब जॉब ‘पास’ होतो. पांढऱ्या डेव्हलपरवर गोल ठिपका दिसला तर पिनहोल, रेघ दिसली तर तडा.

कार्बन स्टीलच्या बाजूने एक मर्यादा इथेच सांगितली पाहिजे. सीट 600 अंशांना टिकेल, पण डब्ल्यूसीबीची बॉडी 425 अंशांच्या वर दीर्घकाळ चालवू नये. स्टीलमधला कार्बाइड वर्षानुवर्षं त्या तापमानात फुटतो, कार्बन ग्रॅफाइट होऊन वेगळा पडतो आणि बॉडी कमकुवत होते. वरचा थर कितीही उंची असला तरी व्हॉल्व्हचं तापमान ठरतं ते खालच्या स्टीलवर. जास्त तापमानाला क्रोमियम-मॉलिब्डेनमचं स्टील घ्यावं लागतं.

आणि स्टेलाइट सगळीकडे लावू नये. साखर कारखान्यात ऊस फोडणाऱ्या हातोड्यांना उसाबरोबर आलेली माती-वाळू खाते. तिथे उष्णता नाही, गॉलिंग नाही, नुसती खरवड आहे. अशा जागी हाय क्रोमियम लोखंडाची हार्डफेसिंग (वेल्डिंगने चढवलेला कडक थर) स्वस्तात जास्त टिकते, कारण तिच्यात कार्बाइडचं प्रमाण कितीतरी जास्त असतं. अणुभट्टीच्या आतल्या पाण्याच्या मार्गातही स्टेलाइट शक्यतो टाळतात, कारण वेगळं: झिजून सुटलेला कोबाल्ट न्यूट्रॉन शोषून कोबाल्ट-60 बनतो, त्याचं अर्धायुष्य सव्वापाच वर्षं, आणि देखभालीला जाणाऱ्या माणसाला त्याचा किरणोत्सर्ग सोसावा लागतो.

हातात आलेला तुकडा कशाचा आहे ते ओळखायला आधी लोहचुंबक लावा. ईएन8 ला ते कडकडून चिकटतं, भरीव स्टेलाइट 6 ला जवळपास नाही. पण 304 स्टेनलेसलाही चिकटत नाही, आणि स्टेलाइटचा थर स्टीलवर असेल तर खालच्या स्टीलमुळे चिकटतं; तेव्हा चुंबकावर निकाल देऊ नये. ग्राइंडरवर टेकवा. कार्बन स्टीलच्या ठिणग्या लांब, पिवळ्या-पांढऱ्या, टोकाला फुटणाऱ्या, फुलबाजीसारख्या. स्टेलाइटच्या आखूड, नारिंगी, विझल्यासारख्या. खात्री हवी तर एक्सआरएफ गन, म्हणजे क्ष-किरणांनी धातूतली मूलद्रव्यं ओळखणारं यंत्र. ती कोबाल्ट, क्रोमियम, टंगस्टन सेकंदात सांगते, आणि थरावर लावली तर लोखंडाच्या आकड्यावरून डायल्यूशनही कळतं. कार्बन मात्र ती वाचू शकत नाही. म्हणजे ईएन8 आणि जास्त कार्बनचं ईएन9 यांच्यातला फरक तिला दिसत नाही. त्यासाठी स्पार्क स्पेक्ट्रोमीटरच लागतो.

ग्राइंडिंग करताना साधा रुमाल बांधून भागत नाही. कोबाल्टची बारीक धूळ फुप्फुसाला आणि त्वचेला बाधते, आणि वेल्डिंगच्या धुरात हेक्झाव्हॅलंट क्रोमियम असतं. धूळ ओढणारी मशीन आणि नीट बसणारा पी2 दर्जाचा मास्क हवा. टर्निंगचा कीस आणि जुन्या सीट मात्र झाडून एकाच पिंपात टाकू नका. स्टीलच्या किसात मिसळलेलं स्टेलाइट भंगारवाला स्टीलच्याच भावाने तोलतो. वेगळ्या डब्यात, नंबर लिहून ठेवलं तर त्याला कोबाल्टचा भाव मिळतो.